तारीख खोटी द्यावी का, आणि चिकाटी कुठवर धरावी?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे समजण्यात काही चूक असेल तर लक्षात येईल. यंत्रांचे सुटे भाग बनवण्याचा लहान कारखाना, तीन वर्षं झाली, आठ माणसं कामाला. एका मोठ्या गिऱ्हाइकाने १,००० नगांसाठी दर आणि तारीख मागितली आहे. तुमच्या अंदाजाने पाच आठवडे लागतील. दुसऱ्या कारखान्याने तीन आठवडे सांगितलेत, आणि तोही ते पाळणार नाही हे तुम्हाला पक्कं माहीत आहे. घरचे म्हणतात, तूही तीन सांग, ऑर्डर पदरात पाडून घे, पुढचं पुढे बघू. गाठीचा पैसा संपत आलाय. तेव्हा खरं बोलून धंदा उभा राहतो का, आणि ही चिकाटी आणखी किती दिवस धरायची?

लहान उत्पादकांचे खर्चाचे हिशेब आणि कामाचं नियोजन हे माझं रोजचं काम आहे, म्हणून उत्तरही त्याच अंगाने देतो. तुमच्या पत्रात दोन आकडे आहेत. ‘पाच आठवडे’ हा एक आणि ‘पैसा संपत आलाय’ हा दुसरा. पहिला अंदाज आहे, दुसरा तर आकडाही नाही, ती भीती आहे. लहान धंद्यात खोटं बोललं जातं ते बहुतेक वेळा इथूनच सुरू होतं. ज्याने मोजलेलं नसतं त्याच्याकडे समोरच्याला सांगायला ठाम काही नसतं, मग तो समोरच्याला हवं ते सांगतो. चिकाटीचंही तसंच. किती आठवडे तग धरता येईल आणि त्या काळात नेमकं काय सुधारायला हवं, हे कागदावर नसेल तर माणूस एक तर फार लवकर हात टेकतो, नाही तर घर गहाण पडेपर्यंत ओढत राहतो. म्हणून माझा सगळा भर आधी मोजण्यावर आहे.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगतो. सेवा विकणाऱ्याला बऱ्याचदा ॲडव्हान्स मिळतो, माल बनवणाऱ्याला बहुतेक वेळा उधारीवर द्यावा लागतो, त्यामुळे दोघांची तग धरण्याची ताकद सारखी नसते. एकच गिऱ्हाईक तुमच्या विक्रीच्या निम्म्याहून अधिक असेल, तर त्याला ‘नाही’ म्हणणं आणि दहा गिऱ्हाइकांपैकी एकाला ‘नाही’ म्हणणं यात फार फरक आहे. घरात दुसरा पगार येतो का, कर्जाला घर तारण आहे का, हेही बघावं लागेल. खाली जे आकडे देतोय ते हिशेबाची रीत दाखवण्यासाठी आहेत. तुमचे आकडे त्या जागी घाला.

तारखेपासून सुरुवात करू. मागच्या २० ऑर्डरी काढा. प्रत्येकीसमोर ऑर्डर पक्की झाल्याची तारीख आणि शेवटचा नग गेल्याची तारीख लिहा, मधले दिवस मोजा, आणि कमीपासून जास्तीपर्यंत ओळीने लावा. समजा सरासरी २४ दिवस निघाली आणि वरून १८व्या ओळीवर ३३ दिवस आले. बहुतेक कारखानदार २४ सांगतात, कारण सरासरी म्हणजे ‘आपल्याला साधारण लागतात तेवढे दिवस’ असं वाटतं. पण सरासरीवर तारीख दिली की जवळपास निम्म्या ऑर्डरी उशिराच जाणार, आणि यात कुणी मुद्दाम खोटं बोललेलं नसतं. १८व्या ओळीचा आकडा दिला तर २० पैकी १८ वेळा तुम्ही शब्द पाळता. हाच तुमचा खरा आकडा. वेगळ्या प्रकारच्या कामांची सरमिसळ मात्र करू नका. साधं टर्निंग (लेथवर कातण्याचं काम) आणि बाहेरून हीट ट्रीटमेंट करून, म्हणजे भट्टीत तापवून कडक करून, येणारं काम यांच्या याद्या वेगळ्या ठेवा.

एवढे दिवस का लागतात, तेही बघा. एका नगाला यंत्रावर ६ मिनिटं धरली तर १,००० नगांना १०० तास होतात. दोन पाळ्यांत रोज १६ तास यंत्र चाललं तर सेटिंग (यंत्र त्या कामासाठी जुळवून घेणं) धरून ७ दिवसांत काम संपतं. कच्चा माल यायला ६ दिवस, हीट ट्रीटमेंट आणि प्लेटिंगला (वरून धातूचा मुलामा देण्याला) ८ दिवस. बेरीज २१. मग ३३ कसे झाले? उरलेले १२ दिवस माल नुसता पडून असतो: यंत्र मोकळं होण्याची वाट, भट्टीच्या फेरीची वाट, तपासणी करणारा एकच माणूस म्हणून त्याची वाट. चिकाटी लावायची तर ती या १२ दिवसांवर लावावी. रात्रपाळी वाढवून ७ चे ६ दिवस करायला जो खर्च येतो, त्याच्या कितीतरी कमी खर्चात या १२ चे ८ होतात.

सर्वात सोपा उपाय म्हणजे माल टप्प्यांनी पुढे सरकवणं. सेटिंग एकदाच करा, पण हजार नग पूर्ण होईपर्यंत थांबू नका. २५० झाले की ते हीट ट्रीटमेंटला पाठवा, तोवर पुढचे २५० यंत्रावर. यात एक अडचण येते. भट्टीवाला दर फेरीला किमान रक्कम लावतो, त्यामुळे २५० नगांना प्रत्येकी खर्च जास्त पडू शकतो. हा फरक आधी विचारून दरात धरा, नाहीतर वेळ वाचतो आणि नफा जातो.

आता गिऱ्हाइकाला फोन करून एकच प्रश्न विचारा: तुमच्या जोडणीला रोज किती नग लागतात? हजार नग मागणाऱ्याला पहिल्याच दिवशी हजार लागतात असं क्वचित घडतं. बऱ्याचदा त्याला पहिले दोनशे-अडीचशे लवकर हवे असतात आणि बाकीचे त्याच्या गोदामात पडून राहणार असतात. तसं असेल तर लेखी उत्तर असं जाऊ शकतं:

‘पहिले २५० नग १८व्या दिवशी, नंतर दर पाच दिवसांनी २५०, शेवटचे २५० नग ३३व्या दिवशी. दिवस ऑर्डर आणि मंजूर ड्रॉइंग हाती आल्यापासून मोजावेत. हीट ट्रीटमेंट बाहेरून होते, त्या फेऱ्यांच्या तारखा धरून हे वेळापत्रक केलं आहे. आमच्या मागच्या २० ऑर्डरी पक्क्या झाल्याच्या आणि पूर्ण गेल्याच्या तारखांची यादी सोबत जोडली आहे. प्रत्येक टप्प्याचं बिल वेगळं होईल.’

यात एकही शब्द खोटा नाही, आणि तीन आठवड्यांच्या थापेपेक्षा हे वाचायला जास्त भक्कम आहे. ती यादी जोडणं फार महत्त्वाचं, आणि त्यामागचं कारण अर्थशास्त्रात नीट मांडलेलं आहे. जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचं उदाहरण घेऊन दाखवलं की चांगली वस्तू आणि वाईट वस्तू यांतला फरक विकत घेणाऱ्याला दिसत नसेल, तर तो दोघांनाही मधलीच किंमत देतो, आणि त्या किमतीत चांगला विक्रेता बाजार सोडून जातो. पुढे २००१ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या तिघांत ते होते. तेव्हा ‘खरं बोलणारा मागे पडतो’ हे तुमचं गाऱ्हाणं पोकळ नाही. पण मागे पडण्याचं कारण असं आहे की तुमचे पाच आठवडे आणि त्याचे तीन आठवडे खरेदी विभागाच्या कागदावर सारखेच दिसतात: दोन आकडे, त्यातला एक लहान. तुमचा खरेपणा त्या माणसाला तपासता येईल अशा रूपात द्यावा लागतो. नोंदींची यादी, तपासणीचा अहवाल, बॅच नंबर, जुन्या गिऱ्हाइकाचा त्याच्या परवानगीने दिलेला संपर्क, आणि ताकद असेल तर उशिराची कपात: दर आठवड्याला बिलाच्या १ टक्का, कमाल ५ टक्के. थापा मारणाऱ्याला ही शेवटची अट लिहून देणं परवडत नाही. मात्र नोंदी नसताना ती देऊ नका, आणि ड्रॉइंगमधला बदल किंवा गिऱ्हाइकाकडून येणाऱ्या मालाचा उशीर त्यातून वगळलेला आहे हे स्पष्ट लिहा.

तारखा का घसरतात याचा एक छोटा हिशेब सांगतो, कारण तो माहीत नसल्यामुळे बरेच जण स्वतःलाच दोष देत बसतात. एक ऑर्डर वेळेवर जायला पाच गोष्टी जुळाव्या लागतात: कच्चा माल, यंत्र, बाहेरचं काम, तपासणी, वाहतूक. प्रत्येक गोष्ट १०० पैकी ९० वेळा वेळेवर होते असं धरलं, तरी पाचही एकदम वेळेवर होण्याची शक्यता ०.९ चा पाच वेळा गुणाकार, म्हणजे सुमारे ५९ टक्के. सगळे सप्लायर ‘चांगले’ असूनही दहातल्या चार ऑर्डरी लटकतात त्या अशा. मधे चार-पाच दिवसांची मोकळी जागा ठेवली की हे आटोक्यात येतं, आणि ती जागा १८व्या ओळीच्या आकड्यात आधीच धरलेली असते.

तरीही उशीर होणारच. तेव्हा नियम असा: कळलं त्याच दिवशी सांगायचं, देय तारखेची वाट बघायची नाही. निरोपात काय झालं, नवी तारीख कोणती, ती कशावरून काढली आणि तोपर्यंत गिऱ्हाइकाचं काम अडू नये म्हणून किती नग आधी देता येतील, एवढं असावं. उदाहरणार्थ: ‘दुसऱ्या टप्प्याच्या २५० नगांपैकी ४० नगांची हार्डनेस (कडकपणा) कमी भरली. २१० नग ठरल्या दिवशी निघतील. ४० नग पुन्हा भट्टीत जातील, ते सहा दिवसांनी मिळतील.’ मनात चार दिवस असतील तर सहा सांगा. पहिला उशीर लोक समजून घेतात, पण नव्याने दिलेली तारीखही हुकली की त्यांचा विश्वास उडतो, आणि तो परत मिळवायला वर्ष जातं. भिडेपोटी ‘उद्या देतो, परवा देतो’ करणारी माणसं इथेच मार खातात. त्यांना समोरच्याला नाराज करायचं नसतं, म्हणून ती त्याला पाच वेळा थोडं थोडं नाराज करतात.

दोष असलेला माल गेला असेल तर तोही तुम्हीच आधी कळवा. पण हे जमण्यासाठी कोणत्या बॅचचे नग कुठे गेले हे माहीत हवं. चलनावर बॅच नंबर आणि कच्च्या मालाचा हीट नंबर (तो धातू ज्या ओतणीतून आला तिचा क्रमांक) असेल तर २५० नग परत मागवावे लागतात. नसेल तर हजारही संशयात जातात. एवढी मोठी कबुली परवडत नाही, म्हणून माणूस गप्प बसतो. नंबर टाकायला दर चलनामागे दोन मिनिटं लागतात.

नमुन्याबद्दल एक गोष्ट ठासून सांगावीशी वाटते. सर्वात कुशल कारागिराला बसवून, हाताने घासूनपुसून पाच नग करायचे आणि तेच रोजच्या कामाचा नमुना म्हणून मंजूर करून घ्यायचे, हे सर्रास चालतं. मग प्रत्यक्ष माल तसा येत नाही आणि तीन महिने रिजेक्शनची भांडणं. नमुना त्याच यंत्रावर, त्याच वेगाने, जो माणूस रोज काम करणार आहे त्याच्याच हातून निघालेला असावा. शक्यतो ३० नग सलग काढा, त्यातले कोणतेही ५ द्या आणि तिसांचीही मापं सोबत द्या. ‘आम्हाला हे जमतं’ आणि ‘आम्हाला हे जमेल’ या दोन वाक्यांमधली रेघ पुसली की काय होतं, याचं टोकाचं उदाहरण अमेरिकेतली थेरानोस. रक्ताच्या काही थेंबांवर भरपूर चाचण्या करणारं यंत्र आपल्याकडे आहे असा दावा २००३ साली सुरू झालेल्या या कंपनीने केला. प्रत्यक्षात बहुतेक चाचण्या दुसऱ्या कंपन्यांच्या नेहमीच्या यंत्रांवर होत होत्या. २०१८ मध्ये कंपनी बंद झाली आणि २०२२ मध्ये संस्थापिका एलिझाबेथ होम्स यांना गुंतवणूकदारांच्या फसवणुकीबद्दल अकरा वर्षांहून अधिक कैद झाली. ‘जमेल’ म्हणायला काही हरकत नव्हती. नव्या धंद्यात ते म्हणावंच लागतं.

सगळंच सगळ्यांना सांगायला हवं का? नाही. तुमचा खर्च, इतर गिऱ्हाइकांची नावं आणि दर, बँकेतली शिल्लक हे सांगण्याचं बंधन तुमच्यावर नाही. मी एक कसोटी वापरायला सांगतो: ही गोष्ट समोरच्याला कळली तर त्याचा निर्णय बदलेल का? बदलणार असेल, तर ती त्याने न विचारताही सांगायची. काम बाहेरून करून घेणार असाल तर सांगा. कच्च्या मालाची प्रत बदलली असेल तर सांगाच. खरेदी विभागातल्या कुणी स्वतःसाठी वाटा मागितला तर देऊ नका. ते गैर आहेच, शिवाय जो तुमच्याकडून घेऊन ऑर्डर देतो तो जास्त देणाऱ्याकडे जाताना तुमचा विचार करणार नाही, आणि तुम्ही दर कधी वाढवूच शकणार नाही.

आता पैसा. कारखाना नफ्यात असूनही पैसा का उरत नाही, हे एकदा काढून बघा. कच्चा माल सरासरी १५ दिवस पडून, काम ३३ दिवस, गिऱ्हाईक पैसे देतं ६० दिवसांनी, आणि तुमचा सप्लायर तुम्हाला ३० दिवसांची उधारी देतो. १५ अधिक ३३ अधिक ६०, वजा ३०, म्हणजे ७८ दिवस. महिन्याचा खर्च ८ लाख असेल तर सुमारे २१ लाख कायम अडकलेले असतात. मोठी ऑर्डर आली आणि काम दीडपट झालं की ३१ लाख लागतात. हे वरचे १० लाख कुठून येणार याचं उत्तर ऑर्डर घेण्याआधी हवं. धंदा वाढला म्हणून बुडाला, ही गोष्ट ऐकायला विचित्र वाटते, पण ती अशी घडते. टप्प्याटप्प्याने माल आणि टप्प्याटप्प्याने बिल, असं वर जे सुचवलं त्याचा फायदा इथेही आहे. पहिल्या २५० नगांच्या बिलाची मुदत ३३व्या दिवसाऐवजी १८व्या दिवसापासून मोजली जाते. ऑर्डरीत ‘टप्प्यानुसार बिल स्वीकारलं जाईल’ हे वाक्य मात्र हवंच, नाहीतर लेखा विभाग शेवटच्या नगाची वाट बघत बसतो.

यासाठी १३ आठवड्यांचा तक्ता करा. आडवे १३ रकाने, दर आठवड्याला एक. वर सुरुवातीची शिल्लक, मग येणारा पैसा, मग पगार, भाडं, हप्ते, कर, कच्चा माल, वीज, आणि खाली शेवटची शिल्लक. येणाऱ्या पैशात फक्त ज्यांची बिलं समोरच्याने स्वीकारली आहेत तीच रक्कम, आणि तीही त्याच्या सवयीच्या दिवशी. करारात ४५ दिवस असले आणि तो दर वेळी ७५ दिवसांनी देत असेल, तर ७५वा दिवस धरा. ‘येतीलच’ अशा ऑर्डरी तक्त्यात नकोत. दर आठवड्याच्या ठरलेल्या दिवशी अर्धा तास देऊन झालेला आठवडा खोडा आणि एक नवा पुढे जोडा. ज्या आठवड्यात खालची शिल्लक उणे जाते, तो तुमच्या ‘पैसा संपत आलाय’चा खरा अर्थ. तो सातवा आठवडा असेल तर तुमच्याकडे सहा आठवडे आहेत, आणि सहा आठवड्यांत वसुली, मुदतवाढ, जुना पडून राहिलेला माल विकणं, असं बरंच काही करता येतं. दोन दिवस आधी कळलं तर फक्त खोटं बोलता येतं.

प्रामाणिक माणूस नकळत घसरतो ती जागा म्हणजे ॲडव्हान्स. एकाच्या ॲडव्हान्समधून दुसऱ्याच्या ऑर्डरीचा माल आणायचा, त्याचे पैसे आले की तिसऱ्याचा. याची टोपी त्याच्या डोक्यावर. सुरुवातीला हे चातुर्य वाटतं. मग एक पेमेंट अडकतं आणि तिघांनाही एकाच दिवशी वेगवेगळी कारणं सांगावी लागतात. गिऱ्हाइकाकडून गोळा केलेल्या कराचं आणि कामगारांच्या पगारातून कापलेल्या रकमेचंही हेच होतं: हातात दिसते म्हणून वापरली जाते. ॲडव्हान्स आणि कर यांच्यासाठी वेगळं बँक खातं उघडा आणि रक्कम आली त्याच दिवशी तिकडे वळवा. त्या खात्यातून पैसे फक्त त्याच कामासाठी निघतील. एवढ्या एका सवयीने निम्मी लपवाछपवी टळते.

हिशेबाच्या पुस्तकातले आकडे फुगवण्याबद्दल फक्त सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीची आठवण करून देतो. ७ जानेवारी २००९ रोजी तिचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी राजीनाम्याच्या पत्रात कबूल केलं की ताळेबंदात दाखवलेली ५,००० कोटींहून अधिक रोख शिल्लक अस्तित्वातच नव्हती. त्याच पत्रात त्यांनी लिहिलं होतं की खरा नफा आणि दाखवलेला नफा यांतलं अंतर सुरुवातीला किरकोळ होतं, ते वर्षागणिक वाढत गेलं. बँकेला दाखवायला येणं थोडं फुगवलं, शिल्लक मालाची किंमत थोडी चढवून लिहिली, की पुढच्या वर्षी ते झाकायला त्याहून मोठा आकडा लागतो. त्यापेक्षा हप्ता चुकणार असेल तर चुकण्याच्या दोन-तीन आठवडे आधी तो १३ आठवड्यांचा तक्ता घेऊन बँकेत जा. मुदत वाढवून देणं बँकेला हप्ता चुकण्याआधी सोपं असतं, नंतर अवघड.

दराबद्दल थोडक्यात. १०० च्या विक्रीत कच्चा माल, बाहेरचं काम, नगामागची मजुरी असा बदलता खर्च ६८ असेल तर ३२ उरतात. भाडं, पगार, हप्ते असा ठरलेला खर्च महिना २,४०,००० असेल, तर तो भरून निघायला ७,५०,००० ची विक्री लागते. पण त्यात तुमचा स्वतःचा पगार धरला आहे का? ६०,००० धरले तर हाच आकडा ९,३७,५०० होतो. स्वतःचा पगार न धरता ‘ना नफा ना तोटा’ चाललेला धंदा प्रत्यक्षात तुमच्या आयुष्याची वर्षं खात असतो. आणि ऑर्डर मिळावी म्हणून १० टक्के सूट दिली, तर ३२ चे २२ उरतात. तेवढाच पैसा मिळवायला ४५ टक्के जास्त नग करावे लागतील. तुमच्याकडे तेवढं मोकळं यंत्र आहे का, हे सूट देण्याआधी बघा.

हे सगळं हातात आल्यावर चिकाटीचा प्रश्न बराच सोपा होतो. होंडा कंपनीचे संस्थापक सोइचिरो होंडा १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात पिस्टन रिंग बनवत होते. टोयोटाकडे तपासणीला दिलेल्या ५० रिंगांपैकी फक्त ३ उतरल्या. त्यांनी आणखी ५० रिंगा करून नशीब आजमावलं नाही. आपल्याला धातुशास्त्र येत नाही हे त्यांनी मान्य केलं, हमामात्सूच्या तंत्रविद्यालयात जाऊन ते शिकले, आणि पुढे टोयोटाला माल पुरवू लागले. जेम्स डायसन यांच्या पिशवीविना चालणाऱ्या व्हॅक्यूम क्लीनरचे ५,१२७ नमुने झाले ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. त्यातली दोन कलमं लोक सांगायची विसरतात: ते एका वेळी एकच गोष्ट बदलत होते, म्हणून प्रत्येक फसलेल्या नमुन्यातून काहीतरी कळत होतं. आणि त्या वर्षांत घर बऱ्याच अंशी पत्नीच्या, चित्रकला शिक्षिकेच्या, पगारावर चाललं होतं. तुमच्या चिकाटीचा खर्च घरातलं कोण उचलतंय, हे त्या माणसाशी मोकळेपणी बोलून ठरवा. ‘आणखी इतके महिने, इतके पैसे, त्यापुढे नाही’ हे वाक्य घरात स्पष्ट बोललं गेलेलं असावं.

टिकायचं की थांबायचं, यासाठी मी तीन गोष्टी बघायला सांगतो. जुनी गिऱ्हाइकं परत येतात का? १० पैकी ६-७ जण दुसरी ऑर्डर देत असतील आणि तरी पैसा पुरत नसेल, तर दुखणं दरात किंवा उधारीच्या मुदतीत आहे. तिथे चिकाटी धरा, अटी बदला. जुने कुणी परत येत नसतील, तर मालात किंवा शब्द पाळण्यात खोट आहे. नवी गिऱ्हाइकं शोधत बसण्याआधी न परतलेल्या पाच जणांना विचारा. दुसरी गोष्ट, प्रत्येक नगामागे उरणारा पैसा. तोच उणे असेल, तर जास्त विकून काही सुधारणार नाही. त्या कामाला आजच नाही म्हणा. तिसरी गोष्ट १३ आठवड्यांच्या तक्त्यातली उणे शिल्लक. ती दर महिन्याला पुढे सरकत असेल तर तुम्ही जिंकत आहात, तिथेच थांबली असेल किंवा जवळ येत असेल तर नाही. थांबण्याची रेघ आज, डोकं शांत असताना लिहा: कोणती तारीख, किती रक्कम, कोणता आकडा. एक प्रत घरी आणि एक तुमचे हिशेब बघणाऱ्याकडे द्या. रेघ गाठली तर कामगारांचा पगार आणि सप्लायरची देणी भागवण्याइतका पैसा उरलेला असतानाच आवरतं घ्या. तसं आवरलेला माणूस पुन्हा धंदा उभा करू शकतो, कारण त्याला उधारी देणारे लोक शिल्लक असतात.

तुमच्या या ऑर्डरीपुरतं म्हणाल, तर आज संध्याकाळी २० ऑर्डरींची यादी करा, उद्या सकाळी भट्टीवाल्याला २५० च्या फेरीचा दर विचारा, मग गिऱ्हाइकाला रोज किती नग लागतात ते विचारा आणि वरच्यासारखं टप्प्यांचं पत्र पाठवा. त्याला खरोखरच हजारही नग तीन आठवड्यांत हवे असतील, तर स्पष्ट सांगा की आम्हाला जमणार नाही, पण २१व्या दिवशी काही अडलं तर फोन करा. यंत्रावर मोकळे दोन दिवस ठेवायची गरज नाही, पण त्या मापाचा कच्चा माल तुमच्या सप्लायरकडे तेव्हा मिळेल का, एवढं विचारून ठेवा.

यादीतला १८वा आकडा आणि पहिला तक्ता तयार झाला की इथेच टाका. कितवा आठवडा उणे जातोय ते बघून आधी कोणती वसुली हाती घ्यायची, ते सांगता येईल.